जुना डाग

ओश शहरातल्या इस्पितळात डॉक्टर सादिरबेकांच्या हाताखाली मी एकतीस वर्षं नर्स होते. छातीत कॅन्सर निघाला, की ते रोग्याला म्हणायचे, "जुन्या न्यूमोनियाचा डाग आहे हो. काढून टाकू." खरं काय ते घरच्यांना व्हरांड्यात नेऊन सांगायचे. आमच्याकडे रोग्याला तोंडावर कोणी सांगत नाही. मला संताप यायचा.

परवा त्यांचाच एक्स-रे त्यांच्याच शिष्याने, नुरगाझीने पाहिला. "जुना डाग आहे, सर," तो म्हणाला. मग त्यांच्या मुलीकडे वळला, "ऐझादा, जरा बाहेर येतेस?"

डॉक्टरांनी पेल्यातला चहा संपवला. मला म्हणाले, "दार लोटून घे. डोळे पुसून आत यायला नातेवाइकांना पाच मिनिटं लागतात."