शास्त्रशुद्ध चारावाटप
विद्यापीठाच्या फाटकाशी रसवंती सुरू झाली, की उसाच्या वासानं मला नळदुर्गाकडची दुष्काळातली गुरांची छावणी आठवते. मी तेव्हा वाणिज्य शाखेचा नवाकोरा प्राध्यापक, आणि पीएच.डी.साठी मनात विषय होता सहकारी संस्थांचं व्यवस्थापन. छावणी चालवणाऱ्या सोसायटीला मी म्हटलं, चारावाटप शास्त्रशुद्ध करून दाखवतो. दुपारच्या एस.टी.नं माझे मार्गदर्शक ते बघायला येणार होते, आणि विषय मंजूर करणं त्यांच्याच हाती होतं. मापाप्रमाणं चारा देता यावा म्हणून मी थोराड बैल एका दावणीला बांधायला लावले, बारके दुसरीला. उसाचं हिरवंगार वाढं पुढ्यात पडलं, पण एकानंही तोंड लावलं नाही. सगळे माना वळवून हंबरत राहिले. "कुणी बांधली वो अशी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "मी," मी ऐटीत म्हणालो. "मग आता तुमीच खावा. सर, माजा बैल जोडीदाराबिगर पाणीबी पीत न्हाय. तुमी जोड्याच फोडल्या की!" नेमके तेव्हाच मार्गदर्शक पोचले. त्यांच्यादेखत, म्हाताऱ्याच्या हुकमानं, मी घामाघूम होऊन एकेक बैल त्याच्या जोडीदाराशेजारी नेऊन बांधला. कराकरा चघळणं सुरू झालं, तसे मार्गदर्शक हसत म्हणाले, "विषय मंजूर. पहिलं प्रकरण हेच लिहा." त्या प्रबंधाच्या जोरावर मी पुढं व्यवस्थापन विद्याशाखेचा डीनही झालो. परवा एका तरुण प्राध्यापकानं मुलांना गुणांप्रमाणं बसवायचा तक्ता सहीला आणला. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "आधी वर्गात एक चक्कर मारा, आणि कोण कुणाशेजारी बसतं ते बघून या."