दगडी कोठीची ओल

अर्ज मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही दुसऱ्या कोणाला दोष देत बसणार नाही.

सावलीच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात आमचं गाव. गावाला मोठा तलाव, मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळातला, आणि तलावाला टेकून त्याच मालगुजाराची दगडी कोठी. टेकून म्हणजे अगदी टेकून. कोठीच्या मागच्या दारातून पायऱ्या निघायच्या त्या सरळ पाण्यात उतरायच्या. पाण्याबाहेर अकरा दिसत. पाण्यात किती, ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

खालचा मजला पिवळसर दगडाचा. भिंती इतक्या रुंद की खिडकीच्या कोनाड्यात दोन पोरी समोरासमोर मांडी घालून अभ्यास करत. वरचा मजला सागाच्या खांबांवर, आणि तलावाच्या अंगाला दगडाचीच जाळी. घरातल्या बायकांनी पाणी पाहावं, पण पाण्यावरच्या माणसाला त्या दिसू नयेत, म्हणून ती जाळी. दुपारी तिच्यातून पाण्याचा उजेड आत यायचा आणि छतावर हलत राहायचा. मी खालच्या मजल्यावर कितीतरी वर्षं भात शिजवला, पण वर गेले की त्या उजेडाकडे मान वर करून पाहायची सवय काही गेली नाही.

मालगुजारी गेली, वारस नागपूरला गेले, कोठी सरकारकडे आली आणि तिथं मुलींचं वसतिगृह झालं. वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावांमधून पोरी यायच्या. मी त्यांची स्वयंपाकीण. त्या मला मावशी म्हणत.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, गवंडी होते. त्यांच्या आजानं या कोठीचे दगड वाहिले, चुना मळला, आणि काम झाल्यावर त्याच कोठीची पुढची पायरी त्याला चढता आली नाही. आमची जातच तशी धरलेली तेव्हा. पुढं मामाजींच्या जवानीत आम्ही सगळे बौद्ध झालो, आणि मी सून म्हणून आले ती कोठीच्या पुढच्याच दारानं कामाला जाऊ लागले. मामाजींना त्याचा फार आनंद. संध्याकाळी मी तांदूळ पाखडत असले की ते कोठी कशी बांधली ते सांगायचे. खाली चिखल होता, चिखलात दगड बसेना, मग जांभळाचे ओंडके कसे आडवे-उभे टाकले, त्यावर दगड कसा चढवला. मी सुपात पाहत हूं हूं करायची. तीच गोष्ट शंभरदा ऐकली की माणूस ऐकतच नाही हो.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. वसतिगृहात भाताला आधण येईपर्यंत पोरींची पुस्तकं घेऊन बसायची, आणि तसंच वाचायला शिकले. शिकवणारी एक उंच, सावळी पोरगी. घरी गोंडी बोलणारी, पण मराठीत माझी काना-मात्रा धरणारी. ती दहावीत होती. तिच्या गावातून दहावीला बसणारी पहिलीच.

त्या साली पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत फार ओली झाली. हात लावला की तळवा गार पडायचा. पोरी खोकत होत्या. ती पोरगी मला म्हणाली, “मावशी, तुमी लिवता ना आता. मंग अर्ज लिवा.”

मी लिहिला. आयुष्यातला पहिला अर्ज. भिंतीला ओल येते, मुली आजारी पडतात, उपाय व्हावा. खाली माझी सही. घरी मामाजींना वाचून दाखवला तर म्हणाले, “चांगलं लिवलं.” यातून पुढं काय निघेल ते त्यांनाही सुचलं नाही, मलाही नाही.

दिवाळीनंतर ओव्हरसियर आले. भिंतीवर बोट ठोकलं, मागच्या दारातून तलावाकडे पाहिलं आणि आमच्या अधीक्षक बाईंना म्हणाले, “बाई, सगळी ओल या तलावाची आहे. कोठी हटवता येत नाई, पाणी हटवता येते.” धान निघालं होतं, पाण्याची कोणाला गरज नव्हती, पाळीची, तलावाच्या बांधाची, दुरुस्तीही व्हायची होती. तुडूम उघडायचं ठरलं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड.

हे ऐकलं आणि मामाजी काठी टेकत कोठीवर आले.

“साहेब, पाणी नोका काढू. कोठी पाण्यावर उभी आहे.”

“बाबाजी, कोठी दगडावर उभी आहे. मले दिसून राह्यली ना.”

“दगडाखाली लाकूड आहे. जांभळाचं. विहिरीच्या तळाले घालतेत का नाई, तसं. ओलं आहे तवर लोखंड आहे ते. वाळलं का संपलं.”

“तुमी पाह्यलं?”

“नाई. माह्या आजानं टाकलं, त्यानं सांगतलं.”

“मंग आजाकडून लिवून आणा ना,” ओव्हरसियर म्हणाले, आणि जमलेले लोक हसले. त्यात माझाही आवाज होता का, ते आठवत नाही. नसावा, असं मी मनाला सांगते.

तुडूम उघडलं. आठ दिवस गावात मासळीशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. मासे धरणाऱ्या ढिवरांनी जाळी लावली, उरलेल्या गावानं टोपल्या. आमच्याही घरी मरळ शिजली. मला वाटलं मामाजी ताटाला हात लावणार नाहीत. पण ते जेवले. म्हणाले, “मासोळीचा काय गुन्हा.”

पाणी उतरलं तशा पायऱ्या उघड्या पडत गेल्या. आणखी चौदा निघाल्या. शेवटच्या पायरीच्या बाजूला, भिंतीच्या बुडाशी, काळ्या गाळातून ओंडक्यांची तोंडं दिसली. एकाला एक लागून, ओळीनं. मामाजी बसत बसत पंचवीस पायऱ्या उतरले. एका ओंडक्यावर हात ठेवून मला म्हणाले, “सुनबाई, याले हवा लागू नोको देऊ.”

मग आम्ही जे केलं ते आता सांगितलं तर हसाल. तांदळाची रिकामी पोती ओली करून त्या ओंडक्यांवर घातली, आणि पोरी सकाळी शाळेच्या आधी ओळीनं उभ्या राहून विहिरीपासून खालपर्यंत बादल्या पोचवू लागल्या. दहावीवाली सगळ्यात खाली, गाळात उभी. मामाजी वरून सांगायचे, इकडं कोरडं राह्यलं, तिकडं कोरडं राह्यलं. पोरींना सुरुवातीला मजा वाटली. पण तलाव गेला तशी विहीरही खाली जाऊ लागली. एका सकाळी बाई येऊन उभ्या राहिल्या. “पोरींना आंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही लाकडं धुऊन राह्यल्या?” त्यांचंही काय चुकलं? दुसऱ्या दिवसापासून बादल्या बंद.

भिंत मात्र वाळली. हात लावला तर कोरडी खडखडीत. बाई मला म्हणाल्या, “पाहा, तुमच्या अर्जाचा उपयोग झाला.” आणि खरं सांगते, मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

पुसाच्या महिन्यात, ऐन थंडीत, चुलीमागच्या कोनाड्यातून एक रेघ निघाली. केसासारखी. मग तिच्यात तांदळाचा दाणा मावू लागला, मग बोट. खाली गाळ आटून भेगाळला होता, ओंडके चिरले होते, सुटे झाले होते. वरच्या मजल्याचं दार लागेनासं झालं. एका दुपारी जाळीचा अर्धा भाग कोरड्या तलावात पडला. कोणाला लागलं नाही. पण छतावर उजेड हलत नव्हता. पाणीच नव्हतं, मी उगाच वर पाहिलं.

ओव्हरसियर परत आले. या खेपेला बोट ठोकलं नाही. दर्शनी भिंतीवर लाल रंगानं ‘धोकादायक’ लिहून गेले. आठ दिवसांत कोठी रिकामी करायची. नुकतेच आपल्या चंद्रपूरचे दोन जिल्हे झालेले. नदीपलीकडच्या पोरींनी आता गडचिरोलीच्या वसतिगृहात जायचं, असा हुकूम. ते वसतिगृह अजून कागदावर होतं.

दहावीच्या परीक्षेला महिना राहिला होता.

मी दुसरा अर्ज लिहिला. एक महिना थांबा, पोरींना अंगणात झोपवू, पण परीक्षा होऊ द्या. त्या पोरीनंच तो तपासला, दोन नकला केल्या, दोन्ही जिल्ह्यांना पाठवल्या. ओव्हरसियरनाही वाचून दाखवला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “मावशी, मी त काय करू. फाइलीत वरचाच कागद तुमचा ओलीचा अर्ज आहे.”

तिचा बाप तिला न्यायला आला. त्यानं कोठीभोवती एक फेरी मारली, भेगेत आख्खा हात घालून पाहिला आणि गोंडीत काहीतरी बोलला. मी तिला विचारलं, काय म्हणतात?

“बा म्हणते, अशा घरात आमी गाय बी बांधत नाई.”

मी म्हटलं, माझ्या घरी राहू दे तिला, महिन्याचा तर प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, पोरी पालकांच्याच हाती द्यायच्या, असं लेखी आलंय. बापाला विचारलं तर त्यानं नुसती नाही म्हणून मान हलवली. त्याला मी कोण? पडत्या घरातली स्वयंपाकीण. पोरगी रडली नाही. पत्र्याची पेटी उचलली आणि मला म्हणाली, “मावशी, मी परीक्षेले कुठी बसू?”

मी तिच्या पेटीची एक कडी धरून मोटारस्टँडपर्यंत गेले. तेवढंच.

पुढच्या पावसाळ्यात तलाव पुन्हा भरला, आणि पाण्याबरोबर माझ्या नावाचं एक पाकीट आलं. आपल्या तक्रारीतील ओल दूर करण्यात आली आहे, सबब अर्ज निकाली काढला. पहिल्या अर्जाचं उत्तर ते. दुसऱ्याचं आजवर आलेलं नाही. मी मामाजींना वाचून दाखवलं. मला वाटत होतं, आता तरी ते मला काही बोलतील. ते म्हणाले, “तू खोटं नाई लिवलं. भिंत ओलीच होती.” त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

तीन-चार वर्षांनी शेजारणींबरोबर मार्कंड्याच्या जत्रेत बांगड्या घ्यायला गेले होते. गर्दीत कोणीतरी पदर ओढला. तीच दहावीवाली. कडेवर मूल. अंगानं भरली होती, पण उभं राहायची पद्धत तीच, मान थोडी वाकडी करून.

“मावशी, लिवता का अजून?”

“लिवते. अर्ज नाई लिवत.”

ती हसली. मी परीक्षेचं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बांगड्यावाला आमच्याकडे पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

“कोठी आहे का?”

“उभी आहे. कुलूप आहे तिले.”

“पाणी?”

“भरते दरसाल.”

“पायऱ्या किती दिसतेत?”

“अकरा,” मी म्हटलं.

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, मान हलवली, आणि तिची माणसं पुढं गेली होती तिकडं निघाली.