आई विसरल्या नव्हत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा या विषयाला वळसा घालून जाते — त्याला काय माहीत नसेल? तरी. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मला उद्या तुमच्या पंगतीला बसायचं नाही.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. म्हणजे आठ तास दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून — लोक हे टोमणा म्हणून बोलतात, माझी तर नोकरीच ती. राहायला चिखलीत. नवरा, संतोष, दुसऱ्या कंपनीत. दोघांच्या शिफ्ट आणि दोन लहान पोरं, म्हणून माझ्या सासूबाई — मी त्यांना आईच म्हणते — लातूरकडचं गाव सोडून आमच्याकडं आल्या होत्या. त्या नसत्या तर माझी नोकरी केव्हाच सुटली असती. हे आधीच सांगून ठेवते.

घरात एक नियम होता. तो मीच आणला, कंपनीतून. आमच्याकडं शिफ्ट बदलताना पुढच्या माणसानं तोंडानं 'घेतलं' म्हटल्याशिवाय आधीच्यानं मशीन सोडायचं नाही. नुसती मान हलवून चालत नाही. पोरं झाल्यावर मी तेच घरी लावलं — मूल दुसऱ्याकडं देताना समोरच्यानं 'घेतला' म्हणायचं, तोवर जबाबदारी देणाऱ्याची. संतोष हसायचा. आई मात्र एकदाही चुकल्या नाहीत. हात कणकेत असले तरी आतून आवाज द्यायच्या, "घेतला गं बाई, जा तू, बस जाईल तुजी."

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात दोघांच्या कंपन्यांचं शटडाऊन एकाच आठवड्यात आलं. असं कधी होत नाही. संतोष म्हणाला, चला समुद्रावर. रेवा चार वर्षांची होती, अंशू दीडचा. एवढ्या लहान पोरांना घेऊन सहल म्हणजे काय असतं, ज्यानं केली त्यालाच कळेल. डिकीत छोटा कुकर, डाळ-तांदूळ, डायपरचं पोतं, आणि रेवाची गुलाबी पॉटी, कारण ती दुसरीकडं कुठं बसायचीच नाही. ताम्हिणी घाटात रेवाला उलटी झाली, ती बघून अंशूला, आणि दोघांना पुसता पुसता मला. आई पुढच्या सीटवर लिंबू हुंगत आमच्यावर हसत होत्या. दिवेआगरला पोचलो, आम्ही सामान उतरवतोय तोवर अंशूनं खोलीवाल्यांच्या मांजराच्या ताटलीतला भात खाल्ला. मांजर बघत बसलं.

आणि तरी सांगते, मजा आली. लाट पायाला लागली की अंशू तिच्यावर बोट उगारून "ए" म्हणायचा. रेवानं वाळूची भाकरी करून सगळ्यांना वाढली आणि सगळ्यांना खायला लावली. आई तर जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होत्या. लुगडं वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात बराच वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढं पानी हितं, आन् आमी टँकरमागं पळतोय." आम्ही किती हसलो. मला तो दिवस आठवायला आवडतो — दुपारी चारपर्यंतचा.

चारनंतर काय झालं, ते आमच्या अख्ख्या भावकीला माहीत आहे. मी अंशूला आईंकडं दिलं, त्यांनी 'घेतला' म्हटलं आणि त्या विसरल्या. पोर चालत पाण्याकडं गेलं. वयामुळं होतं असं, काय करणार? अशी ती गोष्ट आहे. ती खोटी आहे.

खरं असं की, संतोष रेवाला घोडागाडीत बसवायला घेऊन गेला. जाताना त्यानं अंशूला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि 'घेतला' मी म्हटलं. मी. स्पष्ट. आई चार पावलांवर चटईवर पाठमोऱ्या बसून पोरांसाठी संत्री सोलत होत्या, एकेका फोडीचे दोरे काढून. अंशू मांडीवरून उतरून बादलीशी खेळायला लागला आणि मी फोन काढला. कंपनीचा फोन होता का? नाही. घरचं काही काम? तेही नाही. सकाळचे फोटो स्टेटसला ठेवायचे होते. एकात माझं पोट फार दिसत होतं, ते कापत बसले होते. किती वेळ गेला — पाच मिनिटं, दहा? मान वर केली तेव्हा बादली होती, अंशू नव्हता.

वीसेक मिनिटं आम्ही त्याला शोधलं. मी ओरडत पळत होते, छत्र्यांमागं बघत होते, दुसऱ्यांची पोरं खांद्याला धरून वळवून त्यांची तोंडं बघत होते. आई अनवाणी धावत होत्या, हातात अर्धं सोललेलं संत्रं तसंच. शेवटी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरची एक बाई त्याला कडेवर घेऊन आली. छातीपर्यंत भिजलेला. सरळ पाण्यात चालला होता, म्हणाली. तो हसत होता.

एवढ्यात संतोष पळत आला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. एवढंच विचारलं, कुणाकडं होता.

अशा वेळी लोक म्हणतात, घाबरून तोंडातून निघून गेलं. माझ्या नाही गेलं. मी विचार केला. आठ दिवसांपूर्वी आईंनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ते जळून गेलं होतं, ते मला आठवलं. म्हणजे हे पटेल, असंही वाटलं. एका श्वासात एवढं सगळं सुचलं मला — आणि मग मी म्हटलं, "आईंकडं दिला होता. 'घेतला' म्हणाल्या त्या."

आईंनी माझ्याकडं बघितलं. त्या भांडल्या असत्या तर मी तिथंच कबूल केलं असतं, असं मी पुढं बरीच वर्षं मनाला सांगत आले. कशावरून? त्या भांडल्याच नाहीत. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिल्या. खरंच आठवत होत्या, बिचाऱ्या. सून खोटं बोलेल हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. आपलंच डोकं गेलं असेल, हे लगेच पटलं. मग हळू म्हणाल्या, "म्हणलं आसंल. ध्यानातच न्हाई बघ माज्या."

परत आल्यावर त्यांनी अंशूला उचलणं सोडलं. तो हात वर करून आला की स्वतःचे हात पदराखाली घ्यायच्या आणि मला हाक मारायच्या. तो तिथंच फतकल मारून रडायचा. गॅस लावला की तो बंद होईपर्यंत त्या ओट्यापासून हलायच्या नाहीत. संतोषनं डॉक्टरांना दाखवलं. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे, म्हणाले. आईंना ते पटलं नाही. डॉक्टरला काय ठाऊक, म्हणाल्या, त्यो समुद्रावर नव्हता. महिन्याभरात त्यांनी गावी सोडा म्हणून हट्ट धरला. निघताना माझे हात धरून त्या रडल्या. मी म्हटलं, आई, मनाला लावून घेऊ नका, होतं असं. म्हणजे मी त्यांना माफ केलं. भावकीत माझं नावही झालं — सून गुणाची, एका शब्दानं बोलली नाही. ते ऐकताना मला लाज वाटली का? वाटली. गप्प बसण्याइतकीच वाटली.

अंशू पाळणाघरात वाढला. आता दुसरीत आहे. आजी आपल्याला जवळ का घेत नाही, हे त्यानं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, आजीला आठवत नाही रे.

यंदा गावी मोठ्या दिरांच्या नातवाचं बारसं होतं. बाळाला पाळण्याखालून वर द्यायचं, तर मान घरातल्या थोरल्या बाईचा. सगळ्याजणी आईंना पुढं करायला लागल्या. त्या भिंतीला टेकून मागं सरकल्या, दोन्ही हात पाठीमागं धरून, लहान पोरीसारख्या. "नगं. माज्याकडं लेकरू देऊ नगा. माजं काय खरं न्हाई, हिला इचारा," म्हणाल्या, आणि माझ्याकडं बोट केलं.

खोलीतल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. संतोष दारात उभा होता, अंशू त्याच्याजवळ. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. मी मान हलवली — हो, तसंच झालं होतं म्हणून. बाळ दुसऱ्या बाईकडं गेलं, आणि आई माझ्याकडं बघून हसल्या, मी त्यांची बाजू सांभाळून घेतली असं वाटून.