शालनताईंचा करडा रंग

शालनताई रंगाची पट्टी खोलीत बघून कधीच "ठीक" म्हणत नसत. पट्टी हातात आली की चपला पायात सरकवायच्या, दाराबाहेर जायचं, ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचं आणि एक डोळा बारीक करून बघायचं. "ट्यूबलाईट लबाड असती," त्या म्हणत. "ती सगळ्यांशी गोड बोलती. ऊन तोंडावर बोलतं."

शिक्रापूरच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघं होतो, तिथं गाड्यांचे रंग तयार व्हायचे. ग्राहकानं दिलेल्या नमुन्याशी नवा रंग हुबेहूब जुळवणं हे आमच्या खात्याचं काम. ताई दौंडच्या. वडील रेल्वेत डबे रंगवायचे आणि रंगांचं वेड त्यांनीच पोरीला लावलं. मी यंत्रावर आकडे बघून जे अर्ध्या दिवसात जुळवायचो, ते ताई चमच्याच्या टोकावर काळा आणि किंचित गेरू घेऊन तासाभरात जुळवायच्या. मला "घोडकेभाऊ" म्हणायच्या. डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी माझ्या ताटात वाढायच्या.

मग तो चंदेरी करड्या रंगाचा माल झाला. खोलीत नमुन्याशी अगदी जुळत होता. ताईंनी पट्टी उन्हात नेली आणि तिथं तो हिरवट पडला. त्यांनी लेखी नकार दिला. आमचे वरिष्ठ वाबळे साहेब म्हणाले, "बाई, उन्हाचं कौतुक पुरे. गाडी भरायचीय." माल गेला आणि आठवड्यात परत आला. चौकशीच्या दिवशी ताईंचा नकाराचा कागद फायलीत नव्हता. त्याऐवजी दुसराच कागद होता. माल शालनबाईंनीच पास केला, त्यांच्या डोळ्यांत दोष असून रंग ओळखण्यात त्या चुकतात, हे आधीही आढळलं आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खाली साक्षीदाराची सही माझी. मी तेव्हा कंत्राटावर होतो. साहेबांनी कायम करायचा शब्द दिला होता, आणि तो पाळलाही.

ताईंना कामावरून काढलं. त्या दिवशी गेटवर त्या थांबल्या होत्या. "घोडके, माझं डोळं अधू हायेत व्हय?"

मी बुटांकडं बघत राहिलो.

"बरं," त्या म्हणाल्या. "ध्यानात ठेवते."

'भाऊ' हा शब्द गळाला, तो कायमचाच.

डोळ्यांचा तो बोभाटा रांजणगावच्या कारखान्यांपर्यंत गेला आणि ताईंना कुणी कामावर घेईना. शेवटी त्यांनी दौंडला स्टेशनजवळ दहा बाय दहाचं दुकान टाकलं. गाडीवरच्या ओरखड्यांना रंग जुळवून द्यायचा, एवढंच काम. तिथं एक दिवस सय्यदमामा आले. मामा हवाई दलात लढाऊ विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले. विमानाचं हातभर लाकडी मॉडेल त्यांनी बनवलं होतं, पण करडा रंग मनासारखा मिळेना. त्यांच्याकडं खऱ्या विमानाच्या भंगारातला पत्र्याचा तुकडा होता. ताईंनी त्याच्याशी रंग जुळवला, मॉडेलवर मारला आणि दोघंही हिरमुसले. पत्र्यावर बरोबर दिसणारा रंग इवल्याशा विमानावर काळपट वाटत होता.

ताई तीन दिवस त्यावर होत्या. चौथ्या दिवशी मामांना म्हणाल्या, "मामा, इमान तुम्ही लांबनं बघितलंय. लांबचा रंग फिका दिसतो. बारक्या इमानाला लांबचाच रंग द्यायला पायजे." थोडा थोडा पांढरा घालत त्यांनी तो करडा असा आणला, की मॉडेल बघून मामा उठून उभे राहिले. मग पुण्याहूनसुद्धा मॉडेलवाले ताईंकडं रंग न्यायला येऊ लागले.

या गोष्टी मला फार नंतर मामांकडूनच कळल्या. मधे तेरा वर्षं गेली होती. वाबळे साहेब निवृत्त होऊन शिरूरला राहत होते आणि त्यांनाही विमानांच्या मॉडेलचा नाद लागला होता. माजी सैनिकांच्या हॉलसाठी ते एक मोठं विमान बनवत होते. परदेशी रंगाची बाटली एका पंखावर संपली आणि तसा रंग पुन्हा मिळेना. दौंडला स्टेशनजवळ एक बाई हुबेहूब रंग जुळवून देतात, असं कुणीतरी सांगितलं. साहेबांनी मला फोन केला. "घोडके, जरा जाऊन ये."

बाई कोण, हे दुकानात शिरल्यावर समजलं. केस पिकले होते, नजर तीच होती. साहेबांनी त्या परदेशी रंगानं रंगवून दिलेली पट्टी मी पुढं केली.

"कुणाचं इमान?"

"वाबळे साहेबांचं."

त्यांनी पट्टी घेतली. "परवा या."

परवा गेलो तेव्हा रंग तयार होता. ट्यूबलाईटखाली दोन पट्ट्या शेजारी धरून त्या म्हणाल्या, "जुळतंय?"

"जुळतंय की!"

"उन्हात बघता?"

शिरूरची एसटी लागायची वेळ झाली होती. "कशाला ताई? तुमच्यावर विश्वास आहे."

ताई हसल्या. त्यांनी पावतीवर काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी पुढं केलं. मी न वाचता सही केली.

साहेब धूळ बसू नये म्हणून दारं-खिडक्या बंद करून ट्यूबलाईटखाली काम करायचे. दुसरा पंख रंगला, विमान खोक्यात गेलं आणि खोकं हॉलवर. कार्यक्रम सकाळचा होता, समोरच्या मैदानात. सय्यदमामांचं मॉडेलही शेजारच्या टेबलावर होतं. साहेबांनी खोकं उघडलं, विमान दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवलं आणि मैदानात कुजबुज सुरू झाली. एक पंख करडा होता. दुसरा हिरवट, पाण्याच्या टाकीत शेवाळं धरावं तसा. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, ह्ये अर्धं आपलं आन् अर्धं शत्रूचं हाय का?" सगळे हसले.

साहेब माझ्यावर ओरडले, "कुठनं आणलास हा रंग?"

"माझ्याकडनं," मामांच्या मागं बसलेल्या शालनताई उठल्या. "वळखलं का साहेब? डोळं अधू असलेली बाई."

साहेबांचा चेहरा उतरला. "तू मुद्दाम केलंस हे!"

"व्हय. मुद्दाम केलं. तवा तुमचा माल असाच उन्हात हिरवा पडला हुता. मी सांगितलं, तुम्ही ऐकलं न्हाई. आत्ताबी ह्यांना म्हनलं, उन्हात बघा." त्यांनी पावती उघडून मोठ्यानं वाचली. "'ट्यूबलाईटखाली पाहिले. उन्हात पाहण्यास नकार. रंग पसंत.' सही घोडक्यांची. सही करायला ह्यो मानूस लई हुशार हाय."

चारशे डोळे माझ्याकडं वळल्यासारखे झाले. ताईंनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "ह्यो बरोबरचा. त्याच दिवशी बनवला हुता. उन्हात बघून लावा." आणि त्या खाली बसल्या.

साहेब विमान तिथंच टाकून गेले. पुढं कुठल्याच कार्यक्रमात ते दिसले नाहीत.

महिनाभरानं मी दौंडला माफी मागायला गेलो. ताईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याजवळ कशाला रडताय? जिथं सही केली तिथं लिवून द्या."

मी कंपनीला लिहून दिलं. कागद खोटा होता, बाईंचे डोळे चांगले होते, सही मी नोकरीसाठी केली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना कंपनीनं मला गोदामात बसवलं. ताईंना मात्र चूक मान्य करणारं दोन ओळींचं पत्र गेलं. माझ्या अर्जाची प्रत मी त्यांना नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली.

"चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. "आता परत येऊ नका."

मी गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात मामांचा फोन आला, शालन गेली. पहिल्या गाडीनं दौंड गाठलं. अंगणात माणसं जमली होती. कारखान्यातले जुने लोक होते, गॅरेजवाले होते. तिरडी उचलायची वेळ झाली तसा मी पुढं सरकलो. सय्यदमामांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

"घोडके, वाईट वाटून घेऊ नका. ती सांगून गेलीय. म्हनली, घोडके येतील. आलं तर पानी द्या, सावलीत बसवा. पन खांदा देऊ देऊ नका."

मी मागं झालो. चौघांनी तिला उचललं. मी शेवटच्या माणसाच्या मागं, चार पावलं अंतर ठेवून, घाटापर्यंत चालत गेलो.