नेरूळ ते नागाव, इलेक्ट्रिक पंपासकट

आधीच सांगून टाकते, ही पोस्ट मी मिरवायला लिहितेय. रस्ता सांगेन, कुठे काय खायचं तेही सांगेन, पण मधूनमधून माझी कॉलर ताठ झाली तर चालवून घ्या. चोपन्नाव्या वर्षी, उजव्या मनगटात प्लेट घेऊन, नेरूळहून अलिबागच्या पुढे नागावपर्यंत सायकलवर जाऊन आलेय मी.

ती प्लेट सायकलवरून पडून बसवलेली असती तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी बाथरूममध्ये घसरले. हाड जुळलं, पण हातातला जोर गेला. तेव्हापासून घरात माझ्या हातातून सगळं काढून घेतात. कुकर, बादली, भाजीची पिशवी. प्रेमानेच घेतात, तरी मला राग येतो. सायकलचा हातपंप तर अजिबात जमेना. शेवटी शेवटी तो घट्ट होतो ना, तेव्हा मनगट कळवळतं. म्हणजे रविवारी मला सायकलवर जायचं असलं, तरी आधी नवरा उठायला हवा.

म्हणून मी इलेक्ट्रिक पंप घेतला. मुठीत मावेल एवढा आहे, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. किती हवा हवी तो आकडा लावायचा, बटण दाबायचं, तेवढी भरली की आपोआप थांबतो. साधारण तीन हजार पडले. माझी नणंद शालिनीताई, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली आणि सायकलमधली माझी गुरू, तिने नाक मुरडलं.

"सुनंदा, तीन हजारांत मी तुला जन्मभर हवा भरून दिली असती."

"तेच तर नकोय ताई," मी म्हटलं.

मग दोघींनी ठरवलं की उरणमार्गे करंजा, तिथून लाँचने रेवस, पुढे अलिबाग, नागावला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, लगेच म्हणाला, "खुशाल जा. पण पंक्चर झालं की मला फोन. गाडी घेऊन येतो, सायकली मागे टाकतो. आणि तसं आणायला लागलं ना, तर यापुढे आपला घराजवळचा पाम बीच रोडच बरा. उगाच टेन्शन नको." तो हसत बोलला, पण मी त्याला तीस वर्षं ओळखते. तो एक फोन केला असता तर माझी सायकल कायमची पाम बीच रोडपुरती राहिली असती. आपण फोन करायचा नाही, एवढं मनाशी पक्कं करून मी निघाले.

शनिवारी उजाडता उजाडता सोसायटीच्या गेटपाशी ताईला दाखवायला म्हणून चारही चाकांत पंपाने हवा भरली. आवाज मिक्सरसारखा येतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून डोकं काढलं, "अगं, सकाळी सकाळी काय वाटतेस खाली?" ताई पोट धरून हसली. त्या दिखाऊपणात पंपाची निम्मी बॅटरी संपली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही घ्याल तर घरी साधा पंप वापरा, हा वाटेसाठी ठेवा.

बेलापूरला दिवाळे गावाच्या बाजूने सुक्या मासळीचा वास आला की समजायचं आता खाडी ओलांडायची. पलीकडे उलवे, मग गव्हाण फाटा. इथपर्यंत रस्ता लोण्यासारखा. पुढे कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात. ते अंगावर येत नाहीत, पण शेजारून गेले की सायकल हलते. कडेने चालवा, मात्र अगदी काठावर नको. तिथे फुटलेल्या टायरांच्या चिंध्या पडलेल्या असतात आणि त्यांतल्या केसाएवढ्या तारा सायकलवाल्यांच्या मुळावर येतात. मला हे ठाऊक होतं, तरी एका ट्रेलरला बिचकून मी काठावर गेले. दोनच मिनिटांत मागचं चाक बसलं.

ताई उतरली, तिने आपला हातपंप काढला आणि पुन्हा पिशवीत टाकला. "कर तू," म्हणाली आणि कडेच्या झाडाखाली जाऊन बसली.

चाक काढलं, ट्यूब बदलली, पंप लावला. घर्र घर्र, आकडा चढत गेला, पंप थांबला. मी फोटोसुद्धा काढून घेतला! पाचेक मिनिटं चालवली आणि चाक पुन्हा खाली. हवा भरणं इतकं सोपं झालं होतं की टायरच्या आतून बोट फिरवायचं मी विसरले होते. तार तिथेच होती, तिने नवी ट्यूबही फोडली. पंप कितीही भारी असला तरी तार काही तो शोधून देत नाही.

आता जास्तीची ट्यूब नव्हती, पॅच लावणं आलं. ऊन तापायला लागलं होतं. ताईने विचारलं, "मिलिंदला बोलवायचं का? तू सांगशील तसं."

"नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

ती इथेही एका झाडाच्या सावलीत गेली. डब्यातली मीठ लावलेली काकडी काढून खात बसली. मी टायरमध्ये बोट फिरवत राहिले, तार टोचली, रक्त आलं, पण सापडली. चिमट्याने ओढून काढली. पॅच घासून चिकटवला. खरी परीक्षा टायर रिमवर चढवायची. शेवटचं वीतभर टायर अंगठ्यांनी ढकलावं लागतं आणि तिथे बटण नसतं. दोनदा निसटलं. डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं कमी आणि संतापाचं जास्त. एक मोटरसायकलवाला थांबला, "मॅडम, मी करून देऊ का? दोन मिनटांचं काम हाय."

मी तोंड उघडायच्या आत झाडाखालून पीटीच्या तासाचा आवाज आला, "नको. तिचं चालू आहे."

तिसऱ्या वेळी मी चाक मांडीवर आडवं घेतलं, डाव्या तळव्याचा सगळा भार टाकला, आणि टक् करून टायर बसलं. त्या आवाजाने मला झालेला आनंद मी शब्दांत काय सांगू! पंप लावला. साठचा आकडा लावला होता, पंचेचाळीसला त्याची बॅटरी संपली. पंचेचाळीसवरही सायकल चालते, फक्त खड्डे चुकवायचे. उरणला मिसळ खाता खाता हॉटेलवाल्याकडे पंप चार्जिंगला लावला आणि राहिलेली हवा भरली. मिसळ झणझणीत होती, माझ्या बोटाला जास्तच लागली.

करंजाच्या धक्क्यावर सायकल लाँचमध्ये चढवायला खलाशी मदत करतात. माणसाचं तिकीट स्वस्त आहे, सायकलचे वेगळे घेतात, सुटे पैसे ठेवा. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या कोळीणबाईंनी माझ्या पिशवीतला पंप पाहिला. "बाय, ह्या काय हाय?" मी सांगितलं. त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. "मंग हात कशाला हाय तुला?" ताईला इतकं हसू आलं की ती उठून दुसऱ्या कडेला गेली.

रेवसपासून थोडा चढउतार आहे, बाकी नारळी-पोफळीची सावली. नागावला एका घरगुती जागी उतरलो. ताटात बोंबील, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रविवारी परत येताना त्या ट्रेलरच्या रस्त्यावर मी बेताने, पण काठ सोडून चालवली. पंप पिशवीतच राहिला.

तर पंप घ्यावा का? हातात जोर असेल, सायकल शहरातच चालवत असाल, तर नका घेऊ, हातपंप पुरतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही. पण मनगट, खांदा, वय, काहीही आडवं येत असेल, तर जरूर घ्या. सोबत पॅच, पॉवरबँक आणि टायरमध्ये फिरवायला बोट न्या. आणि तो घेतला म्हणून पंक्चर काढायला शिकणं टाळू नका. मी टाळलं असतं तर त्या झाडाखाली बसून फोनच केला असता.

घरी पोचलो तर मिलिंद खालीच उभा होता. माझं काळं बोट, त्यावरची पट्टी, दोन्ही सायकली, सगळं त्याने पाहिलं.

"पंक्चर झालं?"

"दोनदा," मी म्हटलं.

त्याने ताईकडे वळून विचारलं, "मग काढलं कुणी? तू?"

"मी?" ताई हेल्मेट काढत म्हणाली. "मी काकडी खात होते."