पानाची जांभळी पाठ

गंगाराम मुळातच भित्रा. विहिरीत डोकावताना एक हात खांबाला धरून ठेवणारा माणूस. आगाशीच्या त्यांच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून थट्टाही चाले. पण त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात त्याच्या मनात जे भय शिरलं, ते त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आदल्या वर्षी शेजारच्या पीटरच्या वाडीत मर रोग आला होता. टोमॅटोची झाडं आधी खुरटली, मग माना टाकू लागली. मर पाटाच्या पाण्याबरोबर पुढच्या वाडीत जाते, असं सगळे मानत. म्हणून आळीचा रिवाज कडक होता. ज्याच्या वाडीत मर, त्याचं सगळं पीक उपटून जाळायचं आणि त्याच्या वाडीत वळणारा पाटाचा फाटा मातीनं बुजवून टाकायचा. पीटरच्या वाडीतलं पहिलं झाड उपटलं ते गंगारामनंच, कारण त्याची वाडी पाटावर लगेच पुढे होती. पीटर आता विरारला एका कारखान्यावर पहारा करत होता आणि त्याच्या वाडीत गवत माजलं होतं.

गंगारामनं धसका घेतला. चुन्यानं मर येत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं पाचूबंदरकडून शिंपल्यांचा चुना आणला आणि लागवडीआधी वाडीत पसरला. घाबरलेल्या माणसाला प्रमाण राहत नाही. जमीन पांढरी झाली. मुळाशी दरवर्षी पुरायचं मासळीचं खतही त्यानं बंद केलं, कीड नको म्हणून.

नाताळाच्या आधी थंडी पडली आणि रोपं वीतभर वाढून थांबली. एका सकाळी त्यानं पान उलटून पाहिलं. पाठ जांभळी, शाई सांडल्यासारखी. पीटरची झाडंही आधी अशीच खुरटली होती.

त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी वाडीत जाई, जांभळी पानं खुडी आणि माडाखाली पुरून टाकी.

"अहो, रोपांची हजामत कशाला चालवलीत?" त्याच्या बायकोनं, प्रेमलानं एकदा त्याला पकडलंच. टोपलीतली पानं पाहून तिचाही चेहरा उतरला.

त्याच दुपारी कुंपणापलीकडून प्लासिडची हाक आली. पाटावर गंगारामच्या पुढची वाडी त्याची. "गंगाराम, तुझी रोपं बोडकी दिसतात."

"थंडीनं."

"थंडी माझ्याकडे पण आहे. तुझं पाणी पुढे माझ्याकडेच येतं, बाबा."

"मर नाही ती."

"मग काय आहे?"

गंगाराम खाली वाकून गवत उपटू लागला.

"तीन राजांच्या सणापर्यंत, सहा जानेवारीपर्यंत थांबतो," प्लासिड म्हणाला. "नाहीतर माणसं घेऊन येतो. मला वाईट वाटेल, पण उपटीन."

प्रेमला गप्प बसणारी नव्हती. तिनं पंचायत समितीत शेतीचं काम बघणाऱ्या हरेश्वरला बोलावून आणलं. तो चांदीप गावचा, शेतकऱ्याचाच मुलगा. त्यानं एका रोपाचा देठ उभा चिरला. आत पांढरा, स्वच्छ. मग मुळं अलगद मोकळी केली. ती आखूड होती.

"मर असती तर देठ आतून तपकिरी दिसला असता. ही उपासमार आहे, काका. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडलंय."

"खत तर जमिनीत आहेच की. इतकी वर्षं घातलंय."

"आहे, पण ते पाण्याबरोबर चालत येत नाही. जिथल्या तिथं मातीला चिकटून बसतं. मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं. मुळाच्या अंगावर बारीक केस असतात, ते पोचतात तेवढंच त्याचं ताट. ते चाटून झालं की मूळ पुढे सरकायला हवं. थंडीत ते सरकत नाही. मातीत बुरशीचे धागे असतात, ते लांबून आणून देतात, पण..."

"बुरशी?" गंगाराम मागे सरला.

"सगळी बुरशी वाईट नसते. वाईट केलं ते चुन्यानं. स्फुरदाला त्यानं घट्ट धरून ठेवलंय."

"भिंतींना चुना द्या म्हणून मी वर्षभर सांगतेय," प्रेमला म्हणाली, "यांनी दिला जमिनीला."

हरेश्वरनं सुपर फॉस्फेट शेणखतात कालवून दिलं. पसरायचं नाही, मुळांजवळ चर काढून पुरायचं. गंगाराम गुडघ्यावर बसून चर काढत गेला. प्रत्येक रोपाशी वाटे, आपण मेलेल्याला जेवू घालतोय. त्यानंतर त्यानं पान उलटून पाहणंच सोडलं.

चर्चमधली सणाची मिस्सा आटोपून प्लासिड आला. बरोबर कोयते घेतलेली माणसं, आणि सर्वांत मागे पीटर.

"दाखव," प्लासिड म्हणाला.

गंगारामनं एक पान उलटलं. जांभळं. एकानं कोयता दुसऱ्या हातात घेतला.

"ते खालचं, जुनं आहे," प्रेमला म्हणाली. "शेंड्याचं बघा."

शेंड्याची नवी पानं दोन्ही बाजूंनी हिरवी होती. प्लासिडनं स्वतः दहाबारा रोपं चाचपली, एक देठ चिरून पाहिला आणि माणसांना म्हणाला, "चला. पाट राहू दे."

सगळे गेले. पीटर तेवढा थांबला. चिरलेला देठ उचलून त्यानं पांढरा गाभा उजेडात धरला.

"माझ्या झाडाचा देठ कुणी कापून बघितला होता काय रे, गंगाराम?"

गंगारामचा हात कुंपणाचा खांब शोधू लागला.