न्हाऊ घातलेली शेळी

खून, दरोडे, कोर्टाच्या तारखा, सगळं आता धूसर होत चाललंय. पण ती शेळी अजून माझ्या स्वप्नात येते. गुमान खाटेशी उभी राहते आणि तिच्या अंगाला साबणाचा वास असतो. बायको म्हणते, "बाकीच्या साहेबांच्या स्वप्नात आरोपी येतात, तुमच्या स्वप्नात मुद्देमाल!"

श्रीरामपूरच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडीचे दिवस. सकाळी उसावर धुकं उतरायचं, साखर कारखान्याचा गोडसर वास थेट ठाण्यात यायचा आणि डोळे उघडे असून झोपेत असल्यासारखं वाटायचं. अशाच एका रविवारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, काल चोरीला गेल्याली शेळी चर्चमागं बांधल्याली हाय. आज लिलावात जाणार."

आदल्या दिवशी एका ख्रिस्ती शेतमजूर पोराने फिर्याद दिली होती. त्याची बहीण आजारपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या दुधासाठी ही शेळी घेतलेली. बहीण गेली, शेळी राहिली. "तिची येवढीच आठवण हाय, साहेब," म्हणताना तो रडला होता. त्यामुळे मीही इरेला पेटलो होतो.

चर्चमध्ये हंगामाचा सण होता. शेतात पिकलेलं पहिलं देवाला आणून द्यायचं, ही तिथली रीत. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडलेलं. देणाऱ्याचं नाव पुकारतात, प्रार्थना होते आणि मग आवारात लिलाव. गंमत अशी, की बोली जिंकणारा पुष्कळदा वस्तू घरी नेतच नाही. "परत बोलीवर घ्या," म्हणतो आणि तोच भोपळा पुन्हा विकला जातो. आदल्या वर्षी बंदोबस्ताला उभं राहून मी हे पाहिलं होतं आणि या लोकांना व्यवहार म्हणून कळत नाही, असं हवालदाराला म्हणालोही होतो.

शेळी सांभाळत होता चर्चच्या आवाराचा राखणदार. पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, कळवून त्याला शेळीसकट ठाण्यात आणलं.

"कुठून आणलीस?"

"अर्पणाची हाय, साहेब."

"दिली कुणी?"

"नाव सांगू नगं म्हणलेत. शब्द दिलाय म्या."

"घरी कोण असतं?"

"बायकू. बाळंतीण हाय. अंगावर दूध न्हाई, बाळाला वरचं पाजतोय."

झालं! ज्याच्या घरी दुधाची निकड, त्याच्याच हातात दुभती शेळी. मी आवाज चढवला. "अटक दाखवली तर नोकरी जाईल. आवारातली खोली जाईल. पोर घेऊन कुठं जाशील?" त्याचे डोळे भरून आले, पण "शब्द दिलाय, साहेब," एवढंच तो पुन्हा म्हणाला. खोटं बोलणारा माणूस एका जागी बसत नाही, कान खाजवतो, पाणी मागतो. हा नुसता बसून होता.

वैतागून मी बाहेर ओट्यावर आलो. धुकं विरत होतं. दूरवरून हार्मोनियमचे सूर येत होते आणि निंबाखाली शेळी उन्हात डोळे मिटून उभी होती. सहज तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर हाताला साबणाचा वास. खूर घासलेले. शिंगांना तेल.

अरेच्चा! चोर शेळीचं तोंड बांधतो. तिला न्हाऊ कोण घालतो?

तेवढ्यात ओळख पटवायला फिर्यादी आला, त्याच्या मागे त्याची म्हातारी आई. शेळीने दावं ताणलं ते म्हातारीकडे. पण म्हातारीची नजर शेळीवर नव्हतीच. ती दारातून आत बसलेल्या राखणदाराकडे बघत होती.

"ह्याला कशापायी बसवलंय?"

"चोरीसाठी, मावशी."

"सोडा त्याला. शेळी म्या दिलीया."

पोरगा कळवळला. "आये, अगं मला इचारायचं तरी!"

मी विचारलं, "मावशी, दिली तर दिली, नाव कशाला लपवलं? तिथे तर देणाऱ्याचं नाव पुकारतात."

"कुठल्या तोंडानं लावू नाव? लेकीसाठी देवाला लई मागितलं, न्हाई मिळालं. ही शेळी वरडली की लेकच हाक मारतीया असं वाटायचं. मग म्या ती देवाला दिली, का डोळ्यापुढनं घालवली? माझं मलाच कळंना, साहेब."

नोकरीभर मी हेतू शोधत आलो. आपला वाईट हेतू लपवणारे ढिगाने पाहिले. हेतू चोख नसेल या शंकेने चांगली गोष्ट लपवणारी ही एकच.

पोरगा बराच वेळ शेळीच्या कानाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "माझी तक्रार न्हाई." आम्ही त्याचा तसा जबाब घेतला, राखणदाराला चहा पाजला आणि सगळेच शेळीमागून चर्चला निघालो.

लिलाव रंगात आला होता. शेळीवर पहिली बोली पोरानेच लावली. बातमी आवारात आधीच पसरली होती, त्यामुळे कुणी वर गेलं नाही. शेळी त्याची झाली. दावं हातात घेऊन तो उभा राहिला. म्हातारीने मान खाली घातली. आता हा शेळी घरी नेणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"परत बोलीवर घ्या," तो म्हणाला.

राखणदाराने चाचरत एक अगदी लहान बोली लावली. आणि काय सांगू, सगळं आवार मुकं झालं. सकाळपासून प्रत्येक कोंबडीवर बोली चढवणारा एक बडा ठेकेदार तर झाडावरचे पक्षी बघायला लागला!

शेळी राखणदाराच्या खोलीकडे गेली. म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "साहेब, आता दिल्यावानी वाटतंया."

त्या प्रकरणाची फाईल तिथेच बंद झाली. पण माणसं देतात का, असं कुणी विचारलं की मला तीच म्हातारी दिसते, धुक्यात दगडावर बसून शेळी घासणारी. मन काही धुता येईना, म्हणून तिने शेळी धुतली होती.